पायांना झोप नाही : ‘रेस्टलेस लेग्ज’ आणि औषधांचा उलटा फेरा

खास प्रतिनिधी

रात्री साडेदहाचा सुमार. जेवणे आटोपलेली, दूरचित्रवाणीवरील मालिका संपलेली, घरातील मंडळी आपापल्या अंथरुणात शिरलेली. नेमक्या याच वेळी काही जणांच्या पायांत चुळबुळ सुरू होते. वेदना म्हणावी तर ती वेदना नव्हे आणि मुंग्या म्हणाव्यात तर त्या मुंग्याही नव्हेत. पोटरीच्या आत खोलवर काहीतरी वळवळते आहे, पाण्याचे बुडबुडे वर चढत आहेत, कोणी आतून दोरी ओढते आहे, अशी ज्याची त्याची वर्णने. पाय हलवला की क्षणभर बरे वाटते; स्थिर ठेवला की पुन्हा तेच. अखेर माणूस उठतो आणि अंधारात स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशा येरझाऱ्या घालू लागतो. पहाटे तीन-चारनंतर कधीतरी डोळा लागतो आणि सकाळी कामाची वेळ झालेली असते.

वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्यानंतर जवळपास पावणेतीनशे वर्षे त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९४० च्या दशकात स्वीडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी अनेक रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास करून त्याला आजचे नाव दिले. म्हणूनच या दोघांच्या नावे त्याला विलिस-एकबोम विकार असेही संबोधले जाते. युरोप व उत्तर अमेरिकेतील पाहण्यांनुसार दर शंभर प्रौढांत ५ ते १० जणांना तो कमी-अधिक प्रमाणात जाणवतो. उपचार घ्यावे लागतील इतका त्रास असणारे २ ते ३ जण. आशियाई देशांत हे प्रमाण कमी आढळते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या सुमारे दुप्पट असते.

या लेखाला निमित्त झाली ती प्रस्तुत प्रतिनिधीची मावशी. ठाण्यात राहणारी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. तिच्या पायांना बारा वर्षे कोणी ‘वात’ म्हणाले, कोणी ‘सायटिका’, कोणी ‘व्हेरिकोज व्हेन्स’. कॅल्शियम झाले, बी-१२ची इंजेक्शने झाली, तेलाच्या मालिशी झाल्या. रात्री पोटऱ्यांना करकचून फडका बांधून ती झोपत असे. नातवंडांना त्याची गंमत वाटे. आणि तिच्या आईने लहानपणी ‘बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी निघून जाते’ असे बजावलेले असल्याने चारचौघांत पाय हलवण्याचीही तिला चोरी होती.

निदान कानांनी होते

या विकाराचे निदान करणारी रक्ततपासणी किंवा एमआरआय अस्तित्वात नाही. रुग्णाची हकीकत नीट ऐकणे हीच तपासणी. पाय हलवण्याची अनावर ऊर्मी, स्वस्थ बसल्यावर वा पडल्यावर ती सुरू होणे किंवा बळावणे, चालल्याने अथवा ताण दिल्याने निदान तेवढ्यापुरता आराम पडणे, आणि संध्याकाळी-रात्री त्रास वाढणे या चार गोष्टी जुळाव्या लागतात. शिवाय हा त्रास दुसऱ्या एखाद्या कारणाने होत नाही, याची खात्री डॉक्टरांनी करून घ्यायची असते. पायात वांब येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि कळ येते. येथे तसे होत नाही. मधुमेहातील मज्जातंतूंच्या विकारात तळव्यांची आग वा बधिरता असते आणि चालल्याने ती थांबत नाही. अर्थात एकाच व्यक्तीला दोन्ही विकार असू शकतात, आणि तेथेच गल्लत होते.

अनेकांच्या बाबतीत पहिली तक्रार जोडीदाराकडून येते. या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांचे पाय झोपेतही ठरावीक अंतराने, साधारण २० ते ४० सेकंदांनी, झटका देतात. स्वतः रुग्णाला त्याचा पत्ता नसतो; शेजारी झोपलेल्याला मात्र लाथा बसतात.

लोहाचा हिशेब

मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडणे आणि त्यामुळे डोपामिन या रसायनाचे तंत्र बिघडणे, हे या विकारामागील मुख्य कारण मानले जाते. रक्तातील लोह व्यवस्थित असतानाही मेंदूत ते कमी असू शकते, हे मज्जारज्जूतील द्रवाच्या तपासणीतून आणि मृत्यूनंतरच्या अभ्यासातून दिसून आले आहे. आनुवंशिकतेचाही वाटा मोठा आहे. निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो. या विकाराशी संबंधित पहिली जनुके २००७ मध्ये सापडली. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अनेक स्त्रियांना हा त्रास प्रथमच सुरू होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा थांबतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत त्याचे प्रमाण बरेच असते. डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या अवस्थेत चार तास पाय स्थिर ठेवणे त्यांना किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येईल.

लोहाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या घरात होते. पण रक्तक्षय नाही म्हणजे लोह पुरेसे आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. हिमोग्लोबिन सर्वात शेवटी घसरते. शरीरातील लोहाची शिल्लक त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. ही शिल्लक कळते ती फेरिटिन या तपासणीतून. येथे एक फसवी जागा आहे. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात फेरिटिन १५ किंवा २० असले तरी ते ‘सामान्य मर्यादेत’ छापून येते. रेस्टलेस लेग्जच्या रुग्णासाठी मात्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ७५ नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर ही रेषा आखलेली आहे. फेरिटिन त्याहून कमी असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असे त्या सांगतात. मावशीचे हिमोग्लोबिन ११.८ होते. ‘थोडे कमी आहे, बीट-खजूर खा’ एवढ्यावर तिची बोळवण झाली. फेरिटिन पाहिले तेव्हा ते २१ निघाले. पण ते पाहायला बारा वर्षे लागली.

ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी आणि लोहाची गोळी चालू असल्यास आदल्या दिवशी ती घेऊ नये. ताप, संसर्ग वा सांधेदाह असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र तपासणी न करता लोहाच्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे आहे. थॅलसेमिया मायनर असलेल्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह कमी असतेच असे नाही. शरीरात साठलेले जादा लोह यकृत व हृदयाला अपाय करते.

गोळी घ्यायची ठरल्यास ती एक दिवसाआड घेतली तरी चालते. तशी ती शरीरात अधिक चांगली शोषली जाते आणि पोटालाही सोसते. लिंबाच्या सरबताबरोबर किंवा मोसंबीच्या रसाबरोबर घ्यावी. चहा, दूध, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील औषधे तिच्या आसपास नकोत; थायरॉइडची गोळी आणि ही गोळी यांत किमान चार तासांचे अंतर हवे. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची आपली सवय या कामी अगदीच घातक. बद्धकोष्ठता, मळमळ, काळी शौच हे दुष्परिणाम ठाऊक असावेत. काळ्या शौचाने घाबरून गोळी सोडणारे पुष्कळ असतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. गोळी सोसत नसेल किंवा फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग आहे. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे त्यातील सर्वाधिक अभ्यासलेले औषध. ते रुग्णालयातच घ्यावे लागते. क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि काहींच्या रक्तातील फॉस्फेट घटते. त्याचाही गुण एका रात्रीत येत नाही, काही आठवडे थांबावे लागते.

आधी औषधांचा डबा तपासा

रेस्टलेस लेग्जसाठी नवे औषध सुरू करण्यापूर्वी घरातील औषधांचा डबा उघडून पाहणे हा सर्वात स्वस्त उपाय, आणि सर्वाधिक दुर्लक्षित. सर्दी-खाजेवरील जुन्या पिढीतील औषधे, म्हणजे क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, ही पायांचा त्रास हमखास भडकवू शकतात. खोकल्याच्या कित्येक सिरपांत ती असतात. गंमत म्हणजे झोप येत नाही म्हणून नेमके याच जातीचे, गुंगी आणणारे औषध घेतले जाते. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करीवर सर्रास दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन डोपामिनचा मार्गच अडवतात. नैराश्यावरील बहुतेक औषधे, त्यातही मिर्टाझापिन, तसेच ॲमिट्रिप्टिलिन, मनोविकारांवरील अनेक औषधे आणि लिथियम यांनीही लक्षणे वाढतात. बुप्रोपियॉन हे नैराश्यावरील औषध सहसा त्याला अपवाद ठरते.

भारतीय बाजारातील एक बाब येथे नमूद केली पाहिजे. मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या एकत्रित गोळ्यांत प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिनच्या जोडीला नॉर्ट्रिप्टिलिन घातलेले असते. यातील पहिली दोन औषधे रेस्टलेस लेग्जवर उपयुक्त, तर तिसरे त्रास वाढवू शकणारे. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्याने काढून घ्यायचे, असा हा प्रकार. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचा कंटाळा करू नये.

अर्थात नैराश्याचे वा मनोविकाराचे औषध रुग्णाने स्वतःहून बंद करणे हा उपाय नव्हे. ते पायांपेक्षाही घातक ठरू शकते. ज्यांनी ते लिहून दिले त्यांना पायांच्या त्रासाची कल्पना द्यावी आणि पर्याय विचारावा.

औषधच जेव्हा आजार वाढवते

१९८२ मध्ये तुर्कस्तानातील डॉक्टर अकपिनार यांनी पार्किन्सन विकारावरील लेव्होडोपा हे औषध रेस्टलेस लेग्जवरही चालते, असे निदर्शनास आणले आणि या रुग्णांना प्रथमच शांत झोप मिळू लागली. पुढे डोपामिनची नक्कल करणारी औषधे आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विकारासाठी रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रामिपेक्सोलला २००६ मध्ये मान्यता दिली. अनेक वर्षे हीच औषधे पहिली निवड होती.

मावशीला प्रामिपेक्सोलची अगदी लहान गोळी मिळाली. पहिल्याच रात्री ती सलग सहा तास झोपली आणि सकाळी तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ही बातमी दिली. त्यानंतरची दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी त्रास रात्री दहाऐवजी संध्याकाळी सातला सुरू होऊ लागला. गोळी वाढवली. काही महिन्यांनी दुपारी चारला. गोळी पुन्हा वाढवली. मग हातही वळवळू लागले, जे पूर्वी कधीच झाले नव्हते. प्रत्येक खेपेला डॉक्टरांचे म्हणणे एकच : आजार बळावतो आहे.

आजार बळावत नव्हता; औषध तो बळावत होते. या प्रकाराला ‘ऑग्मेंटेशन’ म्हणतात. लेव्होडोपा घेणाऱ्या रुग्णांत रिचर्ड ॲलन व ख्रिस्तोफर अर्ली या अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये त्याचे वर्णन केले. लक्षणे काही तास अलीकडे सरकणे, बसल्यावर ती पूर्वीपेक्षा लवकर सुरू होणे, गोळीचा अंमल कमी काळ टिकणे, त्रास हातांत वा धडात पसरणे आणि मात्रा वाढवली की काही दिवस बरे वाटून पुन्हा पहिल्यापेक्षा वाईट होणे, या त्याच्या खुणा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्षभर चाललेल्या एका मोठ्या चाचणीत प्रामिपेक्सोलची ०.५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या ७.७ टक्के रुग्णांत हा प्रकार आढळला. प्रीगॅबालिन घेणाऱ्यांत २.१ टक्के. एका वर्षाचा हा आकडा लहान वाटतो, पण ही औषधे दहा-दहा वर्षे घेतली जातात आणि दर वर्षी नव्या रुग्णांची त्यात भर पडत राहते.

दुसरा दुष्परिणाम याहून अवघड, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. या औषधांनी काहींच्या मनावरचा लगाम सुटतो. जुगार, अनावश्यक खरेदी, अति खाणे, लैंगिक वर्तनात अचानक बदल असे त्याचे स्वरूप असते. रेस्टलेस लेग्जसाठी ही औषधे घेणाऱ्यांपैकी ६ ते १७ टक्क्यांत असे काहीतरी दिसल्याचे अभ्यास सांगतात. मावशीच्या कपाटात न उघडलेल्या साड्यांची एकोणीस खोकी सापडली, तेव्हा घरच्यांना वाटले की निवृत्तीनंतर तिला वेळ जात नाही. आयुष्यभर आठवड्याचा हिशेब वहीत लिहिणारी बाई, तिला स्वतःलाच त्याची लाज वाटत होती; गोळीशी त्याचा संबंध असेल हे कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते, कारण कोणी तशी पूर्वसूचना दिली नव्हती. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते ही सूचना गोळी लिहून देतानाच, आणि रुग्णाच्या घरच्यांसमोर, दिली गेली पाहिजे. शिवाय दिवसा एकाएकी झोपेचा झटका येण्याचा संभव असतो. स्कूटर वा मोटार चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिनचे पट्टे आणि लेव्होडोपा नेहमीच्या उपचारासाठी वापरू नयेत, असे सुचवले. आपल्याकडे झोपेसाठी बिनदिक्कत लिहिले जाणारे क्लोनाझेपामही त्या यादीत आहे. पसंती मिळाली ती गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाला.

मात्र हे वाचून कोणी आज रात्रीपासून आपली गोळी बंद करू नये. डोपामिनची औषधे एकदम थांबवली तर पायांचा त्रास असह्य होतो. शिवाय घाम, चिंता, खोल उदासी असे प्रकार उद्भवू शकतात. मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते, आणि बहुधा त्याआधी पर्यायी औषध व लोह सुरू केले जाते. मावशीची गोळी सुटायला अकरा आठवडे लागले. शेवटच्या आठ-दहा रात्री तिने जवळजवळ बसून, चालून काढल्या. तिची सून आळीपाळीने तिच्याबरोबर जागत होती. खरेदीची ओढ मात्र गोळी सुटल्यावर महिन्याभरात ओसरली.

पर्यायी औषधेही निर्दोष नाहीत. प्रीगॅबालिन व गॅबापेंटिनने गुंगी, चक्कर, वजनवाढ, पावलांवर सूज येते. काहींची मनःस्थिती खालावते, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. वयस्करांना रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास मात्रा कमी करावी लागते. दमा वा फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांनी, तसेच अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांनी, श्वास मंदावण्याचा धोका डॉक्टरांशी बोलून घ्यावा. मद्य बरोबर नकोच. अफूजन्य औषधे अल्प मात्रेत अत्यंत हट्टी त्रासावर दिली जातात, पण तो निर्णय तज्ज्ञाचाच.

रोजच्या रोज

सौम्य त्रास असणाऱ्या पुष्कळांचे औषधावाचून भागते. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, तंबाखू व मद्य बंद करणे, रोज बेताचा व्यायाम. मात्र झोपण्याच्या तोंडावर दमछाक करणारा व्यायाम उलट त्रास देतो. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण देणे, गरम पाण्याने पाय शेकणे, चोळणे हे उपाय चालतात. काहींना गारच पाणी मानवते. मन गुंतले की पायही विसरतात, हा अनेकांचा अनुभव : शब्दकोडे, विणकाम, पत्त्यांचा डाव. रिकाम्या मनाने पाहिलेला कंटाळवाणा कार्यक्रम सर्वात वाईट.

प्रवास ही मोठी परीक्षा. रात्रीच्या लक्झरी बसऐवजी सकाळची गाडी, आणि बसमध्ये किंवा विमानात मार्गिकेलगतची जागा. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतील कडेची खुर्ची. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही म्हणून खूष होणारे प्रवासी क्वचितच असतील. मावशी त्यांपैकी एक.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञांना या विकाराची आगाऊ माहिती द्यावी. शस्त्रक्रियेनंतर उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिले गेले आणि वर हालचालीला बंदी असली, तर ती रात्र रुग्णाला विसरता येत नाही. त्याऐवजी ऑनडान्सेट्रॉन देता येते. गेल्या वर्षी मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा तिने टाळायच्या औषधांची नावे एका पुठ्ठ्यावर मराठीत व इंग्रजीत लिहून नेली होती. तो पुठ्ठा आता तिच्या पर्समध्ये, रेल्वेच्या पासामागे असतो.